ज्या कोब्यावर यामिनी फिरली

मी कोबा बोलतोय. नंदुरबारला गिरधरशेठचं मिरचीचं गोडाऊन आहे ना, त्यातला. फरशी नाही, लादी नाही, टाइल तर मुळीच नाही. सिमेंटचा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला, काळसर आणि थंडगार कोबा. लोक दाराला तोरण बांधतात, भिंतींना रंग देतात. कोब्याकडे बघतात ते काही सांडलं तरच. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला आज मिरवायचं आहे. मी साधासुधा कोबा नाही हो, माझ्यावर यामिनी फिरली आहे!

एक आधीच सांगतो. मला डोळे नाहीत. पण पाय मला असे ओळखता येतात की विचारू नका. कोण घाईत आहे, कोण थकलंय, कोणाच्या मनात खोट आहे, सगळं तळव्यातून कळतं. बाकीचं कानावर पडतंच, आणि दिसण्याजोगं असेल ते बायका मागाहून दहा वेळा एकमेकींना सांगतात. गोडाऊनमध्ये कुजबुज कोणाला जमत नाही.

मला घडवलं दगा मिस्त्रीनं. गिरधरशेठ तापीकाठचे गुजर. घरी कापूस, केळी, ऊस सगळं होतं, पण यांचा जीव मिरचीच्या व्यापारात. त्यांनी दगाला एकच अट घातली होती. मिरचीचे देठ खुडताना जे बी गळतं, ते झाडूच्या एका फटक्यात गोळा झालं पाहिजे, खळग्यात अडकता कामा नये. दगानं ती अट मनाला लावून घेतली. हातात थापी, उकिडवा बसलेला, मागे मागे सरकत तो मला घोटत गेला. शेठ मधूनच येऊन म्हणायचे, "दगा, बस कर आते, त्यामझार तोंड देखानं शे का?" दगा हसायचा आणि आणखी एक हात फिरवायचा. त्याच्या त्या हट्टाचं मोल पुढे एका पोरीला कळलं.

दिवाळीच्या सुमारास मिरची सुरू झाली की माझ्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. बाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, लालभडक मिरची वाळत असते, आत बायका रांगेनं बसून देठ खुडतात. त्यांची म्होरकी मोतीबाई. आवाज असा की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघतो. तिच्या शेजारी फुलीबाई. ती मोलगीच्या वरच्या पाड्यातली, हंगामापुरती खाली उतरते, बोलते कमी आणि खुडते जास्त. मोतीबाईची अहिराणी आणि फुलीबाईची भिलोरी, दोघींचं जमायचं कसं हे मला आजवर उमगलेलं नाही. पण दिवसभर दोघींचं हसणं मात्र एकदमच यायचं.

मग एका हंगामात हेमांगीबाई आल्या. त्या शाळेत खेळ शिकवतात. माहेर बडोद्याचं, तिथे लहानपणी त्या चाकांचे बूट घालून नाचायला शिकल्या होत्या. नुसतं पळायचं नाही हं. गिरक्या, उड्या, एका पायावर तोल, सगळं गाण्याच्या तालावर. थंड देशात हेच बर्फावर करतात म्हणे. आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर, म्हणून चाकं. त्या आल्या होत्या वर्षाच्या तिखटाची मिरची घ्यायला. भाव करता करता त्यांनी चप्पल काढली आणि पायाचा अंगठा माझ्यावर हळूच घसरवला. पुन्हा एकदा घसरवला. मिरचीचा भाव राहिला बाजूला.

"शेठ, संध्याकाळी काम संपल्यावर हा कोबा मला द्याल का? एक मुलगी आहे. शाळेच्या मैदानावर तिची चाकं अडकतात. तिला अशी जागा मिळाली, तर ती काय करेल याचा तुम्हाला अंदाज नाही."

"मॅडम, माल ठेवानी जागा शे हाई, सर्कस नही," शेठ म्हणाले. पण त्यांचे पाय जागच्या जागी चुळबुळले. मला तेव्हाच कळलं की माणूस विरघळला.

अशी यामिनी माझ्याकडे आली. मोलगीकडच्या डोंगरातली, इंद्रसिंग नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, नंदुरबारला वसतिगृहात राहून शिकणारी. तिचा पहिला पाय मला अजून आठवतो. चाकांचा बूट घातलेला, तरी आतल्या पावलाची बोटं मला पकडू बघत होती. डोंगर चढणारे पाय असेच असतात, जमिनीला धरून चालतात. मी मनात म्हटलं, पोरी, सोड. घसर. मी आहे ना खाली.

ती घसरली, आणि दाणकन आपटली.

"ओ माय! पायले चाकं? पडी ना वं हाई पोर!" मोतीबाई ओरडली. बायका घरी जायला निघाल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. "अगं अगं", "लागनं का वं" असा एकच गलका झाला. यामिनी लाजून चूर. उठेचना. तेव्हा फुलीबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "गप राहा. पडली तं उठंल ना ती."

त्या दिवसापासून गोडाऊनचा एक नियमच झाला. यामिनी पडली तर कोणी हूं की चूं करायचं नाही. ती उठली की मात्र वाटेल तेवढा आवाज करायचा. आणि करायच्या हो! कोणी घमेलं बडवायची, कोणी सूप. वीस जणींच्या बांगड्या एकदम वाजल्या की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

बघता बघता ती चांगलीच तयार झाली. मागे मागे जाताना तिचा तोल असा पक्का की मला दगा मिस्त्रीची आठवण यायची. दोघांचाही विश्वास माझ्यावर, मागे न बघता. हेमांगीबाईंनी प्रत्येक गोष्टीची इंग्रजी नावं शिकवली होती, पण बायकांनी आपल्या नावांनी बारसं केलं. एक पाय मागे उचलून लांबवर तरंगत जायचं, ती बगळी. उभ्यानं गरगर फिरायचं, ती भिंगरी. आणि एका पायावर खाली बसून, दुसरा पाय पुढे ताणून फिरायचं, ती मिरची-बैठक. "दिनभर आम्ही बठतस, तशीच बठस ना ती," मोतीबाई सगळ्यांना ऐटीत सांगायची. "फक्त आम्हले कोन्ही फिरावत नही." मिरची-बैठक सगळ्यांची लाडकी. ती झाली की पुन्हा करायला लावायच्या, आणि यामिनीही करायची.

एकदा मिरचीचं एक बी चाकाखाली आलं आणि ती तोंडावर पडली. ओठ फुटला. दुसऱ्या दिवसापासून बायका काम संपलं की मला झाडायच्या, मग ओल्या फडक्यानं पुसायच्या, मग हाताचा तळवा फिरवून बघायच्या. आयुष्यात इतके हात माझ्यावरून कधी फिरले नव्हते. दमून आलेल्या त्या बाया, घरी चूल वाट बघत असायची, पण पोरगी फिरल्याशिवाय एकही हलायची नाही.

नाद बाहेर पसरला. रिक्षावाले दारात उभे राहू लागले. म्हसावदचा एक शेतकरी गाडी भरून माल घेऊन आला, तर शेठ त्याला म्हणाले, "थांब रे, पोरनं व्हवू दे, मंग गाडी खाली कर." तो कुरकुरत थांबला. पुढच्या वेळी तो मुद्दाम संध्याकाळीच आला आणि सोबत बायको आणि सासू. शेठ स्वतः थप्पीमागे उभे राहून पोती मोजल्यासारखं करायचे. तीच ती पोती रोज मोजायला लागतात का कोणाला?

पण हेमांगीबाईंना घोर लागला होता. एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मला येत होतं ते सगळं हिला देऊन झालं. आता माझ्याकडे काही शिल्लक नाही." पुढचं शिकवणारं नंदुरबारात कोणी नव्हतं. पुण्याला राज्याचं शिबिर भरतं, त्यात नंबर लागला तरच पुढची वाट. त्यासाठी प्रतिभाताई नावाच्या मोठ्या प्रशिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात फिरून मुलं निवडतात आणि मूल जिथे सराव करतं तिथेच येऊन बघतात. त्या येणार होत्या. सकाळी येऊन दुपारच्या आत धुळ्याकडे निघणार होत्या. चुकलं तर यामिनी माझ्यावर गोल गोल फिरत राहणार आणि मोठी होऊन चाकं खुंटीला टांगणार. ते कोणालाच नको होतं. मलासुद्धा.

आता ऐका, प्रेम कसं उलटतं ते.

आदल्या दिवशी मोतीबाईनं बायकांना गोळा केलं. "पुन्यानी बाई येवानी शे. आपली पोर फिरी, आन् खाले असा उघडा कोबा? नवं धान येवाना आगोदर आपुन खयं सारतस ना? मंग?"

खळं सारवतात. खरंच होतं ते. तापीकाठाला काय आणि डोंगरात काय, धान्य येण्याआधी खळं शेणानं सारवायचं, कडेनं चुन्याची रेघ ओढायची, हळदकुंकू वाहायचं. त्यावर मग कोणी पायताण घालून पाऊल ठेवत नाही. ज्याचा मान मोठा त्याची जमीन आधी सारवायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. आणि यामिनीपेक्षा मोठा मान त्यांच्या लेखी कोणाचा?

तांबडं फुटायच्या आत त्या आल्या. पहारेकऱ्यानं दार उघडून दिलं, मोतीबाईसमोर तो काय बोलणार? शेणाचे गोळे, पाण्याच्या बादल्या. हात अर्धगोल फिरू लागले. खरं सांगू? मी फुललो. सिमेंटचा जन्म माझा, सारवण मला कधी लाभणार होतं? गार गार शेणकाला अंगभर पसरला, कडेनं पांढरी रेघ उमटली, फुलीबाईनं मधोमध हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, आज मी जमीन झालो.

मग शटर वर गेलं, यामिनी बूट बांधून आत आली आणि तिचं पहिलंच चाक रुतलं.

ती गुडघ्यांवर आली. चाकांत शेण भरलं. हेमांगीबाई दारातच उभ्या.

"हे काय... हे काय केलंत तुम्ही?"

"शेनवरी सारं, मॅडम," मोतीबाई म्हणाली. आवाज एकदम बारीक. "खयं नही का सारतस? आज आमनी लक्ष्मी फिरानी व्हती यावर."

"सिमेंटवर शेण!" शेठ कडाडले. "कोन्ही सांगं तुमले? आते ती बाई येई आन् काय देखी?"

मला धुवायचं म्हणावं तर पाणी सरळ मिरचीच्या थप्पीखाली शिरलं असतं. भिजली मिरची की काळी पडते. आणि एकदा भिजलो की मी चांगला अर्धा दिवस वाळत नाही. बायकांचे पाय माझ्यावर असे निपचित पडले होते की जणू सगळ्यांचा जीव गेला. फुलीबाई रडत होती. मघाशी फुललो होतो ना मी, आता मला फुटून जावंसं वाटत होतं.

यामिनीनं बूट सोडले. दोन्ही बाजूला ठेवले. अनवाणी उभी राहिली आणि मग खाली वाकली. तिचा तळहात मला लागला. तोच हात तिनं कपाळाला लावला.

"मावशी," ती मोतीबाईला म्हणाली, "सारवलेल्या खळ्यावर पायात काही घालून जात नाहीत ना? माझंच चुकलं."

फुलीबाईला ती डोंगरातल्या बोलीत काहीतरी म्हणाली. काय ते मला कळलं नाही. पण फुलीबाईचं रडणं थांबलं आणि तिनं नाक शिंकरलं.

मग यामिनी शेठकडे वळली. "शेठ, थप्पीखाली कोरडं असेल ना?"

मागच्या भिंतीला पोत्यांची थप्पी छातीएवढी उंच, प्रतवारी लावून रचलेली, गुजरातच्या गाडीसाठी तयार. ती हलवायची म्हणजे हंगामाची मांडामांड विस्कटायची. शेठचे पाय थप्पीकडे गेले, परत आले. मला वाटलं, नाही म्हणणार. आणि ते ओरडले, "देखी काय ऱ्हायनात? उचला!"

हमाल धावले, बायका धावल्या. शेठनी स्वतः पोत्याला खांदा दिला, जे त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. पोती बाहेर अंगणात गेली आणि माझा एक पट्टा उघडा पडला. अरुंद, लांबट, पण कोरडा ठणठणीत. दगा मिस्त्रीनं घोटला तसाच.

त्या पट्ट्यावर मोठी बगळी बसणार नव्हती. लांब धाव घेऊन उडी नाही. यामिनी चाकं पुसता पुसता मनातल्या मनात आखणी करत असावी. हेमांगीबाई काही सुचवू लागल्या तर म्हणाली, "मॅडम, मला माहीत आहे काय करायचं." उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत होतं.

प्रतिभाताई आल्या तेव्हा पट्टा नुकताच झाडून झाला होता. थप्पीखालची वर्षाची मिरचीपूड हवेत तरंगत होती. त्यांनी हिरवंगार सारवण पाहिलं, चुन्याची रेघ पाहिली. "सुरू कर," म्हणाल्या.

गाणं लागलं. यामिनी निघाली. छोटी छोटी वळणं, मागे, पुढे, पुन्हा मागे. मग भिंगरी. मग मिरची-बैठक, इतकी खोल आणि इतकी स्थिर की मला फक्त चाकांची ऊब जाणवत होती. बायका तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या, शिंक येऊ नये म्हणून. माझ्यावर झालेलं तिचं सगळ्यात उत्तम काम ते. गाणं संपलं.

"आऽऽक् छी!" प्रतिभाताई. एकामागून एक. ठसकाच लागला त्यांना. "मला... मला काहीच दिसलं नाही गं. डोळ्यांतून नुसतं पाणी. परत करशील?"

बायकांनी एकदम श्वास सोडला. मोतीबाई पुढे सरसावली. ओल्या फडक्यानं तिनं त्या मोठ्या बाईंचे डोळे स्वतःच्या हातानं टिपले. "डोया चोयू नका बाई, आनखी झोंबी. असं, हळू."

"परत करते," यामिनी म्हणाली. धाप लागली होती, पण आवाज सरळ.

दुसऱ्या खेपेला तिनं एक उडीही घातली. मघाशी घातली नव्हती. का घातली? मला वाटतं, बाईंनी पहिलं पाहिलंच नाही म्हटल्यावर तिला वाटलं असणार, मग सगळंच दाखवावं. उडाली, फिरली आणि पट्ट्याच्या अगदी काठावर उतरली. मागचं चाक शेणात. पाय सटकला. मला जागचं हलता येत नाही, नाहीतर त्या क्षणी मी हात पुढे केला असता. पण तिनं गुडघा वाकवला, सटकणारा पाय तसाच पुढे ताणला आणि घसरता घसरता खाली बसली. तिथेच फिरली. मिरची-बैठक. शेणाचे थेंब गोल उडत होते.

नियम होता, ती उठल्यावरच आवाज करायचा. ती उठली. अन् घमेली, सूप, बांगड्या, खास बघायला आलेली म्हसावदच्या शेतकऱ्याची सासू, अंगणातले हमाल, सगळं एकदम. गिरधरशेठ पोती मोजायचं विसरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते.

प्रतिभाताईंनी डोळे पुसले. "उडी कच्ची आहे," त्या म्हणाल्या. "ती मी पक्की करून घेईन. बाकीचं शिकवता येत नाही, ते हिच्याजवळ आहे. शिबिराला येऊ द्या हिला."

हेमांगीबाई खाली बसल्या, सरळ त्या ओल्या सारवणावरच. मोतीबाईनं मात्र प्रतिभाताईंना सोडलं नाही. "बाई, पुन्याले कोन झाडस?"

"काय?"

"पोर जठे फिरी, तठे. फिराना आगोदर कोन झाडस? हात फिराई देखतस का?"

"तिथे माणसं आहेत हो, रोज स्वच्छ करतात."

"हं," मोतीबाई म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, पण पुणं लांब आणि तिथला झाडू तिच्या हातात नाही.

गेल्या आठवड्यात यामिनी गेली. इंद्रसिंग जीपनं खाली उतरला होता तिला पोचवायला. तो अनवाणी आत आला, माझ्यावर मिनिटभर उभा राहिला. त्याची बोटं मला घट्ट पकडून होती, लेकीची पहिल्या दिवशी होती तशी. बायकांनी एकेकीनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि तिच्या पिशवीत एक नवं फडकं ठेवलं, जमीन पुसायला.

माझ्यावरचं शेण कधीच निघून गेलं. थप्पी परत रचली, गुजरातची गाडी भरून गेली, नवा माल आला. मी माझ्या कामाला लागलो. पण मला एकाशी बोलायचं आहे, आणि ते तुमच्या मार्फत. पुण्यात कुठेतरी एक लाकडी जमीन आहे म्हणे, चकचकीत, मोठी, दिव्यांनी उजळलेली. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर तिला माझा निरोप सांगा.

बाई गं, नंदुरबारहून एक मुलगी आली आहे. उजव्या पायावर उतरताना ती जरा जड पडते, ते मनावर घेऊ नकोस. पहिले काही दिवस ती तुला बोटांनी पकडेल. पकडू दे. ती पडली तर तुझ्याकडे कोणी गप्प बसणारं आहे का, मला ठाऊक नाही. नसेल तर तूच गप्प राहा. तुझ्यावर मोठमोठी मुलं फिरली असतील, त्यांच्या गोष्टी तिला सांगू नकोस. थोड्याच दिवसांत तू तिच्या पायांची वाट बघायला लागशील, हे मी आजच सांगून ठेवतो. तेव्हा मला हसू नकोस. मीही आधी नुसता सिमेंटचाच होतो.